बिननावाची चिठ्ठी अन् फोनची खूण

आमची सून संघप्रिया काय काम करते, हे चार वर्षं झाली तरी मला कुणाला नीट सांगता येत नाही. सून पूर्णेत, कंपनी पुण्यात, अन् ज्या मशीनवर ती काम करते ते म्हणे मुंबईच्या कुठल्या इमारतीत भाड्यानं घेऊन ठेवलेलं. मी विचारलं, "तू बघितलंस का कधी ते?" तर म्हणाली, "न्हाई, आत्याबाई." न बघता पोरगी पसंत करणारी माणसं मला माहीत होती, न बघता मशीन घेणारी तिच्यामुळं कळली.

त्या शुक्रवारी दुपारी ती जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती अन् मी शेजारी मेथी निवडत होते. पडदा काळा, अक्षरं पांढरी. ती एक ओळ लिहायची, बटण दाबायची, अन् पलीकडून पन्नास ओळी भसाभसा वाहत यायच्या.

"लय बोलतंय ते. काय म्हणायलंय?"

"सामान उतरवून घ्यायलंय, आत्याबाई. लिनक्सच्या सर्व्हरवर एक नवीन ॲप बसवायलेय."

"लिनक्स कोण?"

"मशीन ज्याच्यावर चालतं ना, ते. तुमच्या फोनात अँड्रॉइड असतं, तसं."

कळलं तेवढं कळलं. माझी शाळा चौथीपर्यंत, अन् त्यात इंग्रजी नव्हतं. इंग्रजी अक्षरं मला आली ती मालगाडीच्या डब्यांवरून. आमचे मालक जंक्शनवर शंटिंगला होते. क्वार्टरच्या दारातून यार्ड दिसायचं, अन् भाकरी थापता थापता ते मला डब्यांचे नंबर वाचायला लावायचे. एक नंबर एकदा बघितला की मी विसरत नसे. अजून विसरत नाही.

मधेच मशीननं लाल ओळ टाकली. संघप्रिया कपाळाला हात लावून बसली.

"आता काय झालं?"

"दार अडलंय. मशीनला नंबराची दारं असत्यात. मी ह्याला ज्या नंबराचं दार दिलं, त्याच दारात मंडळाचं पान आधीच बसलंय."

"मंग दुसरं दार दे की. एका दारात दोन बायका उभ्या राहिल्यावर आत कोणच जात न्हाई."

ती हसली, कुठंतरी एक आकडा बदलला, अन् चाललं की ते. इंजिनेर ती, पण दार मी सुचवलं, हे मी संध्याकाळी पोराला फोनवर सांगितलंच.

मंडळ म्हणजे आमच्या विहाराचं महिला मंडळ. आम्ही अकरा जणी. अध्यक्ष मी, अठरा वर्षं झाली. विहाराच्या मागं भांड्यांची खोली आहे. लग्नाकार्याला लागणारी पातेली, पराती, कढया तिथं असतात. किल्ल्या दोन, एक माझ्याकडं अन् एक रेणुकाकडं. रेणुका अन् मी एकाच वर्षी लग्न होऊन पूर्णेत आलो, चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. मला "पंचे" म्हणायला जिवंत माणसांत तेवढी एकच राहिलीय.

मंडळात उन्नीस-बीस मी चालू देत नाही. वंदनेला सगळ्यांची पांढरी साडी एकाच ताग्यातली. फोनचंही तसंच केलं. मागच्या साली जयंती झाल्यावर कुणाच्या हातात भारी फोन अन् कुणाच्या हातात बटणाचा, असं दिसायला लागलं, तेव्हा मीच सगळ्यांना घेऊन नांदेडला गेले. एका दुकानातून, एका दिवशी, एकाच रंगाचे अकरा फोन. दुकानदारानं तिथंच बसून सगळ्यांत मराठी लावून दिली. तेव्हापासून फोनवरून कुणी नाक वर केलं नाही.

अन् दोन महिन्यांमागं संघप्रियानं मंडळाचं एक पान केलं. कोणती भांडी कुणाकडं गेली ते त्यात दिसतं. खाली एक चौकोन, "मनातलं लिहा, नाव कळणार नाही." मी होऊ दिलं. मला वाटलं, माझ्यावर कोण काय लिहिणार.

"बरं, हे नवं बसवलंस ते काय करतं?" मी विचारलं.

"आपण फोनवर एखादं पान उघडलं की त्या पानाला आपल्या फोनबद्दल काय काय कळतं, ते दाखवतं. ब्राउझरची खूण म्हणा. दुसऱ्याच्या साइटवर तपासलं तर आपली खूण त्यांच्याकडं राहते. म्हणून कंपनी म्हणली, आपल्याच मशीनवर बसवून तपासा."

तिनं स्वतःच्या फोनवर ते उघडलं. मी चष्मा लावला. पडदा किती रुंद, भाषा कोणती, घड्याळ कोणत्या देशाचं, आत अक्षरांचे किती प्रकार, सगळं एकाखाली एक आलं. आपल्याला न दिसता ते फोनकडून एक चित्र काढून घेतं म्हणे, अन् ते चित्र कसं उमटलं त्यावरून फोनची जात कळते. शेवटी या सगळ्याची मिळून आकडे-अक्षरांची एक ओळ.

"तू नाव टाकलंस?"

"न्हाई."

"नंबर?"

"काहीच न्हाई. आता बघा." तिनं मागचं सगळं पुसलं, गुपचूप बघायची काळी खिडकी उघडली, अन् पुन्हा तेच पान लावलं. पुन्हा तीच ओळ. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

मेथीची काडी माझ्या हातातच राहिली. रेशनच्या दुकानात माझा अंगठा मशीनला लागत नाही. पदराला पुसून चार-चारदा दाबते, तरी ते मला ओळखत नाही. अन् इथं हात न लावता, नाव न विचारता, तोंड लपवून गेलं तरी वळखायलंय.

"तुमच्या फोनवर बघायचं? पत्ता पाठवते."

"पाठव, पण मी उघडणार न्हाई. ज्याला माझं नाव पाहिजे त्यानं तोंडानं विचारावं."

ती हसून उठली अन् भाजी फोडणीला टाकायला गेली. लॅपटॉप तसाच उघडा राहिला.

शनिवारी सकाळी मंडळाच्या पानावर काय आलंय ते ती मला वाचून दाखवते. बहुतेक काहीच आलेलं नसतं. त्या दिवशी ती वाचता वाचता थांबली.

"काय हाय?"

"काही न्हाई, आत्याबाई. असंच कुणीतरी."

"असंच असलं तरी वाच. अक्षरावर टॅक्स न्हाई."

तिनं खाली मान घालून वाचलं. 'पंचफुलाबाई भांडी माणूस बघून देतात. नोकरीवाल्याच्या घरी नवी पातेली अन् बिगारीवाल्याच्या घरी चेपलेली. विहार सगळ्यांचं, तर भांडी पण सगळ्यांची. अठरा वर्षं लय झाली. किल्ली आता दुसरीकडं द्यावी.'

मी उठले. दाराला कडी घातली, पुन्हा काढली. कशासाठी, ते मला अजून सांगता येत नाही. चाळीस वर्षांत या वस्तीत माझ्या तोंडावर कुणी वरच्या आवाजात बोललं नव्हतं. अन् हे असं, चिठ्ठीतून, भुतासारखं.

परत येऊन पडद्यावर वाकले, स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं म्हणून. चिठ्ठीच्या शेजारी बारीक अक्षरांची एक ओळ होती. आदल्या दिवशी सुनेच्या फोनवर पाहिली होती तसलीच, पण आकडे वेगळे. शेवटी सात, बी, चार, दोन.

संघप्रियानं त्यावर तळहात ठेवला. उशीर झाला होता.

"ही फोनची खूणच हाय ना? कालच्यासारखी?"

तिनं हात काढून घेतला. "माझी गल्लत झाली, आत्याबाई. खरे चार फोन तपासायला मिळावेत म्हणून काल मी ते मंडळाच्या पानालाबी जोडलं. संध्याकाळी काढणार होते, विसरले. तिथं मीच लिहिलंय, नाव कळणार न्हाई म्हणून. आता पुसते. तुमी बघितलंच न्हाई असं समजा."

"पूस," मी म्हणाले.

तिनं पुसलं. माझ्या डोक्यातलं कोण पुसणार होतं?

अन् डोक्यात एकच नाव आलं. मागच्या महिन्यात आश्रुबाच्या पोरीचं लग्न होतं. आश्रुबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो. तेव्हा रेणुका म्हणाली होती, "पंचे, एक तरी नवं पातेलं दे त्याला." मी म्हणाले होते, "चुलीवर काळं करून आणत्यात ती. तू तुझं बघ." तिनं पुढं काही म्हटलं नव्हतं. रेणुका गप्प बसली की समजायचं, तिनं गाठ मारून ठेवलीय.

रविवारी सकाळी मी तिला चहाला बोलावलं. संघप्रिया आंघोळीला गेली होती. तिनं मला पाठवलेला तो पत्ता मी रेणुकाच्या फोनवर पाठवला अन् म्हणाले, "हे उघड बरं. सुनेचं काम हाय, फोन चांगला का वाईट ते सांगतं."

बिचारीनं उघडलं. "माझा चष्मा न्हाई, तूच बघ," म्हणून फोन माझ्याच हातात दिला.

सात, बी, चार, दोन.

मी फोन परत दिला. "चांगला हाय तुझा फोन," म्हणाले, अन् वर दुसरा कप पाजला. तिच्या घशाखाली माझा चहा उतरताना मी बघत बसले. आज हे लिहिताना त्याचीच शरम जास्त वाटते. बोलले असते तर घरातल्या घरात मिटलं असतं. पण मला घरातल्या घरात मिटवायचंच नव्हतं.

पाच वाजता विहारात वंदना झाली. अकरा जणी पांढऱ्या साडीत सतरंजीवर बसल्या. संघप्रिया मंडळात नाही, ती नोंदवही घेऊन दाराशी होती. मी उभी राहिले.

"माझ्यावर एक चिठ्ठी आलीय," म्हणाले, अन् ती चिठ्ठी तोंडपाठ म्हणून दाखवली. "लिहिणारीला वाटलं, नाव न्हाई म्हणजे सुटले. पण फोनला खूण असते. ती चिठ्ठी रेणुकाच्या फोनवरून आलीय."

"आत्याबाई, थांबा," दारातून संघप्रिया म्हणाली.

"तू बस."

रेणुका माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. आगगाडी समोरून निघून गेल्यावर माणूस रुळाकडं बघतो, तशी. "पंचे, मी न्हाई लिहिलं."

"फोन कुणाकडं असतो तुझा?"

"माझ्याकडंच."

"मंग? चाळीस वर्षं माझ्या ताटात जेवलीस, अन् बोलायला मशीनच्या मागं लपलीस. तोंड व्हतं की तुला, लबाडे."

"तोंड हाय मला," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर लिहायची गरज न्हाई."

सविता आमच्यात वयानं सगळ्यात लहान अन् जिभेनं सगळ्यात मोठी. ती म्हणाली, "एकटीचाच फोन कशाला तपासायचा? सगळ्यांचे तपासा. म्हणजे कुणाच्या मनात किंतु नको."

"तपासा की," मी ऐटीत म्हणाले. "टाकते ग्रुपवर." अन् टाकलं.

आधी सवितानंच उघडलं. "शेवटचं काय बघायचं? सात, बी, चार, दोन."

"नीट बघ," मी म्हणाले.

"नीटच बघितलं. हे घ्या, तुमीच बघा."

मी बघितलं. तिच्या शेजारणीनं तिचा फोन पुढं केला. सात, बी, चार, दोन. तिच्या शेजारणीचा तोच. मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसली, "अगं बया, आपण सगळ्यांनी मिळून लिहिलं का काय." तिच्या फोनवरही तेच. पाचवा, सहावा. सातव्या फोनपर्यंत हसणं थांबलं होतं. नुसते हात पुढं येत होते, प्रत्येक हातात सारखाच निळा फोन, अन् मी वाकून वाकून तीच चार अक्षरं वाचत होते. यार्डातली अख्खी मालगाडी एकाच नंबरची निघावी, असं झालं. मी खाली बसले.

"आता तुमचा, अध्यक्षीणबाई," सविता म्हणाली.

दोन दिवस मी ज्याला हात लावणार नाही म्हणत होते, ते सगळ्यांच्या पुढ्यात उघडलं. रेंज नव्हती. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. दहा जणी त्या चक्राकडं बघत होत्या. मंग ते थांबलं.

मी वाचून दाखवलं नाही. सवितानं वाकून बघितलं अन् मोठ्यानं वाचलं.

संघप्रिया पुढं आली. "चूक माझी हाय. तुमचे अकरा फोन एका कंपनीचे, एका दिवशी घेतलेले, एकाच भाषेत लावलेले. आत कुणी काही बदललं न्हाई. पानाला फोन दिसतो, बाई दिसत न्हाई. तुमी अकरा जणी पाठमोऱ्या बसल्यावर दारातून मला तरी कोण कोण ते कुठं कळतं? ते मला आधी सुचायला पाहिजे व्हतं. अन् नाव कळणार न्हाई असं सांगून मी खूण राहू दिली, हे त्याहून वाईट केलं. तो चौकोन मी आजच काढून टाकते."

ती माझ्या वाटची पण थोडी शरम स्वतःच्या अंगावर घेऊन उभी होती, अन् मी ती घेऊ दिली.

रेणुका उठली. कमरेची किल्ली सोडून तिनं माझ्यासमोर सतरंजीवर ठेवली, अन् चप्पल घालून गेली. मागं बघितलं नाही.

मी घरी आले अन् स्वयंपाकघरात नुसती बसून राहिले. ती चिठ्ठी कुणाची, याचं आता काही कळणार नव्हतं. पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. तपासताना एकीनंही "कोण असं लिहितंय बाई, खोटं हाय हे," असं म्हटलं नव्हतं. दहापैकी एकीनंही नाही. मी मनात पुन्हा पुन्हा मोजलं.

सोमवारी सकाळी रेणुकाच्या घरी गेले. तिचे मालक रंगनाथ ओसरीवर पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपर तोंडापुढं धरला. ती आत न्हाणीपाशी ज्वारी पाखडत होती.

"रेणके."

सूप थांबलं नाही.

"माझं चुकलं."

"कोण बोलतंय?" ती सुपाकडं बघत म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई."

"माझं चुकलं म्हणते मी."

"पंचे, दहा जणींत मला लबाड म्हणलीस, अन् चुकलं म्हणायला माझ्या न्हाणीपाशी आलीस. इथलं मला ऐकू येत न्हाई. जिथं बोललीस तिथं बोल."

"मंडळापुढं?"

"न्हाई तर राहू दे. मी काय मागायला आले का?"

अठरा वर्षांत मी मंडळापुढं मान खाली घातली नव्हती. मी उंबऱ्यापर्यंत गेले, परत फिरले. "एक सांग. ते जे लिहिलंय, ते तुला कसं वाटलं? वाचून?"

आता कुठं तिनं सूप खाली ठेवलं. "मला वाटलं, बरं झालं, कुणाला तरी धीर झाला. मी तुला तोंडावर बोलले व्हते, तू ऐकलं न्हाईस. दुसरी कोण बोलणार? तुझ्या जिभेला सगळी वस्ती भिते."

मी चप्पल घातली अन् घरी आले.

दुपारी मीच एकेकीला फोन लावला अन् संध्याकाळी विहारात बोलावलं. कारण कुणीच विचारलं नाही. रेणुका सगळ्यात शेवटी आली अन् पार मागं, भिंतीला टेकून बसली. मी उभी राहिले. प्यायला पाणीही मागितलं नाही. मागितलं असतं तर तेवढ्यात माझं मन फिरलं असतं.

"काल मी रेणुकाला तुमच्यापुढं लबाड म्हणले," म्हणाले. "ती लबाड न्हाई. मशीनचं मला कळलं न्हाई, अन् कळलं न्हाई ते मला विचारायचंबी नव्हतं. मला तिचंच नाव पाहिजे व्हतं. माझं चुकलं. मी माफी मागते."

कुणी मान हलवली, कुणी सतरंजीचे धागे ओढत बसली. मला वाटलं, झालं, अन् मी खाली बसायला लागले.

"बसू नको," मागून रेणुका म्हणाली. ती उठली, बायकांच्या मधून वाट काढत पुढच्या ओळीत आली, अन् माझ्या बरोबर समोर मांडी घालून बसली. "माफीचं झालं, पंचे. आता भांड्यांचं बोल."

मी उभीच राहिले. कुणाच्या लग्नाला कोणती पातेली दिली अन् कुणाला ती नाही म्हणाले, ते आश्रुबाच्या पोरीपासून सांगायला लागले.